जन्माची नोंद आजोळी होती

एका परिचारिकेच्या जन्म दाखल्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

वैशाली (नाव बदललं आहे, गावं आणि ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत) पुण्यातल्या एका रुग्णालयात परिचारिका होती. जीएनएम या परिचर्या अभ्यासक्रमाचा डिप्लोमा, परिचर्या परिषदेची नोंदणी, अतिदक्षता विभागातला अनुभव, सगळं होतं. २०२४च्या सुरुवातीला तिने जर्मनीत नोकरीसाठी अर्ज केला. भरती करणाऱ्या संस्थेने कागदांची यादी पाठवली. तीत जन्म दाखला होता आणि तिच्याकडे तो कधीच नव्हता.

आपल्याकडे यात नवल काही नाही. तिच्या पिढीचं सगळं काम शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर चाललं. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदारयादी अशा कामांसाठी जन्माचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच लागतो. त्याआधी जन्मलेल्यांना बाकीचे पुरावे चालतात, म्हणून वैशालीचा पासपोर्टसुद्धा दाखल्याशिवाय निघाला होता. त्यावर जन्मतारीख होती १ जून १९९३.

ही १ जून सगळ्यांच्या ओळखीची आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मूल दाखल करायला आणलं की वय बसावं म्हणून गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. खेड्यातल्या शाळांमधून शिकलेल्या एका अख्ख्या पिढीचा कागदोपत्री वाढदिवस एकाच दिवशी येतो. वैशालीच्या वडिलांनाही ती तारीख खरी नसल्याचं माहीत होतं. खरी कोणती, ते मात्र आठवत नव्हतं. आई ती चौथीत असतानाच गेली.

मी नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू विभागात नोकरी करून निवृत्त झालो. वैशालीचे काका तिला घेऊन माझ्याकडे आले तेव्हा पहिला टप्पा होऊन गेला होता.

अडचण

पहिला टप्पा असा. वडील आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकाने १९९३चं रजिस्टर काढलं, मे आणि जूनची पानं पाहिली आणि वैशालीचं नाव नसल्याचं सांगितलं. वडिलांनी मागितल्यावर ‘नोंद आढळून येत नाही’ असं प्रमाणपत्रही लगेच दिलं. ग्रामसेवकाने काही चूक केली नाही. जे विचारलं ते त्याने शोधलं.

पण विचारलेल्या तिन्ही गोष्टी चुकीच्या होत्या.

ठिकाण चुकीचं. जन्माची नोंद राहत्या गावी होत नाही, जन्म जिथे झाला तिथे होते. दवाखान्यातला जन्म असेल तर खबर दवाखान्याने द्यायची, आणि तीही त्या हद्दीच्या निबंधकाला, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला. वैशाली थोरली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत वडिलांना माहीत नव्हती असं थोडंच आहे? पण ‘गावचा दाखला’ म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर स्वतःचंच गाव आलं.

नाव चुकीचं. दवाखान्याकडून खबर जाते तेव्हा बारसं झालेलं नसतं. रजिस्टरमध्ये बाळाच्या नावाचा रकाना कोरा राहतो किंवा तिथे नुसतं ‘स्त्री’ लिहिलेलं असतं. नंतर कोणी नाव कळवलं तर ते चढतं. बहुतेक जण कळवत नाहीत. तेव्हा १९९३च्या रजिस्टरमध्ये ‘वैशाली’ शोधणं म्हणजे नसलेली गोष्ट शोधणं.

आणि तारीख चुकीची, ती का ते वर आलंच.

‘नोंद नाही’ या उत्तराचा अर्थ या कार्यालयात, या काळात, या नावाने नोंद नाही, एवढाच असतो. ते प्रमाणपत्र हातात आल्यावर घरचे मात्र मुलीची नोंद कुठेच झाली नाही असं धरून चालले.

समोर असलेले मार्ग

माझ्याकडे येण्याआधी तहसील कचेरीसमोरच्या एका एजंटाने त्यांना सरळ वाट दाखवली होती. जन्माला एक वर्ष उलटल्यावर नोंद करायची तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. पूर्वी त्यासाठी न्यायालयात जावं लागायचं. २०२३च्या दुरुस्तीनंतर हे अधिकार महसुलाकडे आले: जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी. नोंद नसल्याचं प्रमाणपत्र हातात होतंच. प्रतिज्ञापत्र करायचं, शाळेचा दाखला जोडायचा, आदेश घ्यायचा आणि गावातच १ जून १९९३ची नवी नोंद करून घ्यायची. एजंट म्हणाला, “पासपोर्ट, दहावी, दाखला, तिन्हीकडे एकच तारीख. कोणी बोट ठेवणार नाही.”

खोटं कशाला बोलू, कागदांपुरता विचार केला तर हा मार्ग सगळ्यांत सुबक होता. वैशालीचाही कल तिकडेच होता. तिला तारखा जुळायला हव्या होत्या आणि वेळ कमी होता.

दुसरा मार्ग मूळ नोंद शोधण्याचा. त्यात दोन धोके. ती सापडेलच याची खात्री नाही. आणि सापडली तर तिच्यावर खरी तारीख असणार, म्हणजे पासपोर्टशी विसंगती आपण आपल्या हाताने तयार करणार.

तिसरा मार्ग म्हणजे त्या संस्थेला विचारणं, की नोंद नसल्याचं प्रमाणपत्र आणि शाळेचा दाखला चालेल का. त्यांनी नाही म्हणून कळवलं.

निर्णयाची जागा

मी वैशालीला एकच प्रश्न विचारला: तुझा जन्म दवाखान्यात झाला का? तिला माहीत नव्हतं. काकांना वाटत होतं, झाला असावा.

दवाखान्यात जन्म झाला असेल तर नोंद कुठेतरी असण्याची शक्यता मोठी. ती असताना दुसरीकडे दुसऱ्या तारखेने नोंद करणं म्हणजे एका माणसाचे दोन जन्म. माहीत असताना खोटी माहिती देऊन नोंद करणं हा गुन्हा आहे. परदेशात कागद तपासायला घेतले आणि पहिली नोंद वर आली, तर प्रश्न तारखेचा राहणार नाही, तिच्या खरेपणाचा होईल. विसंगत तारीख समजावून सांगता येते, दोन दाखले समजावून सांगता येत नाहीत.

वैशालीने रात्रभर विचार करते म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मावशीला फोन लावला. प्रकरण खरं तर तिथे उलगडलं.

मावशी म्हणाल्या, “हरतालिका धरलेली मी. पाण्याचा घोट न्हाई घेतला दिवसभर, अन् संध्याकाळी सरकारी दवाखान्यात ही झाली. बारशाचं बघत होतो तर भूकंप झाला. मग कशाचं बारसं अन् कशाचं काय. मैदानात झोपत होतो आम्ही.”

आजोळ लातूर जिल्ह्यातलं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३चा, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांचा. गणपती विसर्जनाची रात्र होती, हे तिकडच्या कुणालाही विचारा. त्या वर्षी गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, म्हणजे हरतालिका १८ला. जन्मतारीख मिळाली, जन्मठिकाण मिळालं. दोन्ही एका उपासामुळे.

जुनी प्रकरणं शोधताना मी नेहमी घरातल्या बायकांना बोलतं करतो. तारीख त्यांना सांगता येत नाही, पण सण, पाऊस, कोणाचं लग्न, कोणाचं मरण यांवर त्या ती बरोबर आणून ठेवतात. बाकी काम पंचांगाचं.

काय केलं

आजोळच्या तालुक्याच्या गावी नगरपरिषद आहे. वैशाली तिथे गेली तेव्हा खिडकीवरच्या लिपिकाने संगणकावर पाहिलं आणि नाही म्हणून सांगितलं. जुनी रजिस्टरं सगळीकडे संगणकावर चढलेली नाहीत, आणि जिथे चढली आहेत तिथेही नावाच्या रकान्यात काहीच नसेल तर नावाने शोधून काय मिळणार? तोंडी नकार घेऊन ती परतली.

दुसऱ्यांदा ती लेखी अर्ज घेऊन गेली. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणालाही निबंधकाकडून नोंदीचा शोध करून घेता येतो आणि उतारा मागता येतो. शोधाचं शुल्क वर्षागणिक असतं. अर्जात आम्ही बाळाचं नाव मुद्दाम मागे ठेवलं. मजकूर साधारण असा:

‘वडिलांचे नाव अमुक, आडनाव दोन्ही प्रकारे लिहिले जाते ते असे. आईचे सासरचे नाव अमुक, माहेरचे नाव तमुक. बाळ: स्त्री, नाव नोंदविलेले नसण्याची शक्यता. जन्म दि. १८ सप्टेंबर १९९३ च्या सुमारास, शासकीय रुग्णालय. कृपया नोंदणी दिनांक १८ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर १९९३ या काळातील नोंदी तपासाव्यात.’

डिसेंबरपर्यंत का? रजिस्टर जन्माच्या तारखेने चालत नाही, नोंदणीच्या तारखेने चालतं. दवाखान्याचे अहवाल गठ्ठ्याने यायचे. त्यातून ते दिवस भूकंपाचे.

अर्ज आवक विभागात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-क्रमांक घेतला. लिपिक म्हणाला, “पोच कशाला, सांगतो ना फोनवर.” वैशाली हसून उभी राहिली, शिक्का मिळेपर्यंत. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली वेळेत सेवा मिळाली नाही तर अपील करता येतं, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पण अपील उभं राहतं ते पोच असेल तर. शिवाय राज्य शासनाच्या २०१८च्या निर्णयानुसार जिल्हा आणि खालच्या पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. ही दोन्ही हत्यारं खिशात होती. बाहेर काढायची नाहीत असं ठरवलं होतं. जुनी बाडं उलगडायला लिपिकाची मर्जी लागते, आणि पहिल्याच भेटीत कायद्याचं कलम ऐकवलं की बाड कपाटाच्या मागे सरकतं. मला हे आवडत नाही, पण आहे हे असं आहे.

नोंद ११ ऑक्टोबर १९९३च्या पानावर निघाली. जन्म १८ सप्टेंबर, ठिकाण शासकीय रुग्णालय, वडिलांचं नाव बरोबर, बाळ ‘स्त्री’, नाव कोरं. आईचं नाव मात्र ‘शकुंतला’. सगळ्या कागदांवर ती ‘सुमन’ होती, लग्नात बदललेलं नाव. (दोन्ही नावं इथे बदलली आहेत.) माहेरच्या दवाखान्यात आजीने लेकीचं नाव सांगितलं, ते माहेरचंच सांगितलं.

आता कोऱ्या रकान्यात नाव चढवायचं होतं. कलम १४ त्यासाठीच आहे. पहिल्या वर्षात विनाशुल्क, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव नोंदवता येतं. ज्यांची १५ वर्षं उलटून गेली त्यांच्यासाठी महाराष्ट्रात मुदत वाढवून २७ एप्रिल २०२६ पर्यंत दिली होती, त्यामुळे वैशाली त्यात बसली.

पण इथे निबंधकांनी योग्य तो आक्षेप घेतला. नावाच्या पुराव्यासाठी दहावीचं प्रमाणपत्र जोडलं होतं, त्यावर १ जून. “तारीख वेगळी, आईचं नाव वेगळं. ही नोंद तुमचीच कशावरून?” त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं. दुसऱ्या कुणाच्या मोकळ्या नोंदीवर आपलं नाव चढवून घेण्याचे प्रकार होतात.

वडिलांचं आणि मावशीचं प्रतिज्ञापत्र दिलं. आईच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत दिली. आजोळचं जुनं रेशनकार्ड मिळालं, त्यावर शकुंतला हे नाव होतं. शेवटी उपयोगी पडली ती आई-वडिलांची लग्नपत्रिका. तीत ‘चि. सौ. कां. शकुंतला’ आणि वडिलांचं पूर्ण नाव शेजारी शेजारी छापलेलं होतं. मावशीने ती ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवली होती. निबंधकांनी चौकशीचा शेरा लिहिला आणि वैशालीचं नाव नोंदीत चढलं.

आईच्या नावाचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. कलम १५ खाली चूक दुरुस्त करता येते. मूळ नोंद खोडली जात नाही, समासात दुरुस्ती लिहून निबंधक तारखेसह सही करतो. आशयातली चूक असेल तर वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासू व्यक्तींचं निवेदन लागतं. आम्ही ही दुरुस्ती तेव्हा मागितली नाही. एक तर वेळ. दुसरं म्हणजे शकुंतला हे नाव खोटं नव्हतं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडून काम भागवलं.

निकाल

दाखला मिळाला, तारीख १८ सप्टेंबर १९९३. अपेक्षेप्रमाणे तारीख पासपोर्टशी जुळत नाही म्हणून संस्थेने तो परत पाठवला. वैशालीने राज्याच्या राजपत्रात जन्मतारखेतला बदल प्रसिद्ध करून घेतला, मग दाखल्याच्या आधारे पासपोर्ट पुन्हा काढला. पोलीस पडताळणी नव्याने झाली. या सगळ्यात तिची तुकडी निघून गेली आणि तिला पुढच्या भरतीपर्यंत थांबावं लागलं. एजंटाच्या वाटेने गेली असती तर ती कदाचित पहिल्याच तुकडीबरोबर गेली असती, हे इथे लिहायलाच हवं.

दहावीच्या प्रमाणपत्रावर अजून १ जूनच आहे. शाळा सोडून इतकी वर्षं झाल्यावर तिथली तारीख बदलून घेणं हा वेगळाच लढा, तो तिने घेतला नाही. प्रमाणपत्रासोबत राजपत्राची प्रत जोडते.

जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने एक वर्षापेक्षा जास्त उशिराच्या जन्मनोंदींचं काम थांबवलं, कारण अशा आदेशांमधल्या गैरप्रकारांच्या तक्रारी आणि चौकशा सुरू झाल्या होत्या. १२ मार्च २०२५ला नवी, कडक कार्यपद्धती आली. आधीच्या आदेशांचीही तपासणी निघाली. मालेगावचं नाव त्यात गाजलं, पण धास्ती सगळीकडे पसरली. खरोखर घरी जन्मलेली, खरोखर नोंद न झालेली माणसंही त्यात अडकली. वैशालीची नोंद १९९३ सालचीच असल्याने तिला काही धक्का लागला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

भरती करणाऱ्या संस्थेला तारखेच्या विसंगतीबद्दल सुरुवातीलाच विचारायला हवं होतं. नोंद सापडेपर्यंत आम्ही तो विषय काढलाच नाही. शोध आणि राजपत्राची तयारी बरोबरीने चालू शकली असती. १८ सप्टेंबर ही तारीख मावशीच्या फोननंतर जवळजवळ पक्की होती.

ग्रामपंचायतीकडून प्रमाणपत्र मागण्याची घाई नको होती. जन्म कुठल्या गावात झाला, घरी की दवाखान्यात, आणि बाळाचं नाव तेव्हा कळवलं होतं का, हे प्रश्न वडिलांना कोणीच विचारले नाहीत; विचारले असते तर ग्रामसेवकानेच त्यांना आजोळी पाठवलं असतं. खिडकीवरच्या माणसाला हे प्रश्न विचारायला मिनिटही लागत नाही. नोकरीत असताना आमच्या विभागात जुन्या नोंदींसाठी वेगळा अर्ज होता. त्यात आईचं माहेरचं नाव असा रकाना आम्ही हाताने आखून घेतला होता, कारण छापील अर्जात तो नव्हता.

एजंटाला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. घरी जन्मलेल्या, कुठेच नोंद नसलेल्या माणसासाठी आदेशाचा मार्ग हाच कायदेशीर मार्ग आहे. फक्त तो शोध संपल्यानंतरचा आहे, आणि इथे शोध सुरूच झाला नव्हता.

आईच्या नावाची दुरुस्ती तेव्हाच न मागण्याचा निर्णय मात्र पुढे आडवा आला. वैशालीचं पाहून धाकट्या भावानेही आपला दाखला काढला. त्याचा जन्म वडिलांच्या गावी, घरी. नोंद ग्रामपंचायतीतच निघाली, नाव कोरं होतं ते चढलं. त्या नोंदीत आई ‘सुमन’ आहे. म्हणजे सख्ख्या बहीण-भावाच्या दाखल्यांवर आईची दोन वेगळी नावं. उद्या वडिलांच्या जमिनीवर वारस लावताना तलाठ्यापुढे हे दोन दाखले जातील तेव्हा प्रतिज्ञापत्र पुरेल की नाही, याची शाश्वती कोण देणार? म्हणून आता वडिलांनी आणि मावशीने कलम १५ खालचं निवेदन आजोळच्या नगरपरिषदेत दिलं आहे. ‘शकुंतला’च्या समासात ‘लग्नानंतरचे नाव सुमन’ अशी नोंद घ्यावी, अशी मागणी आहे. लग्नपत्रिका पुन्हा जोडली आहे. निबंधक बदलले आहेत, नव्यांनी चौकशीसाठी तारीख दिली आहे.